बुधवारचा रात्रीचा वर्ग

व्हर्ना कोस्केला एकतीस वर्षं शिकवत होती
सुपीरियर सरोवराच्या काठच्या विद्यापीठात,
जिथं ऑक्टोबरातच खिडक्यांना आतून बर्फ धरतो
आणि कादंबरीलेखन ह्या विषयाला
तळघरातली, बॉयलरशेजारची खोली मिळते.

मी नगरपालिकेची बर्फ लोटायची गाडी चालवायचो.
वर्गात आलो तो ऊब मिळते म्हणून, खोटं कशाला बोलू.
माझी पाळी अकराला, वर्ग सुटायचा साडेनवाला.
फी युनियननं भरली.

पहिल्या दिवशी ती फळ्याकडे फिरकलीच नाही.
विचारलं, तुमच्या माणसाच्या खिशात काय आहे?
कुणी म्हटलं दुःख. कुणी म्हटलं आठवणी.
"खिशात," ती म्हणाली. "कोटाच्या. उजव्या."
मग लाकूडतोडीवर जाणारा डेल पेल्की म्हणाला,
सुतळी, आणि परत न केलेली दुसऱ्याची किल्ली.
"कुणाची?"
आणि खुर्ची ओढून ती आमच्यातच बसली,
जणू हे कळल्याशिवाय आज घरी जायचं नाही.

तिच्या तीन कादंबऱ्या होत्या.
पहिली गाजली, दुसरी वाचली गेली,
तिसरी विद्यापीठाच्या दुकानात
लोकरी मोज्यांशेजारी उभी असायची.
चौथी कुठवर आली, असं विचारायचं नाही,
हे कुणी सांगितलं नव्हतं, तरी ठाऊक होतं.
चौथीच्या जागी आम्ही होतो :
तिच्या जेवणाच्या टेबलावर आमचे गठ्ठे,
माझ्या कथेवर बीटाचा डाग,
समासात पेन्सिलीनं बारीक अक्षर.
"इथं तू लपतोयस."
"हे वाक्य तुझं नाही, टीव्हीचं आहे."
एकदा नुसतंच, "थांब."
लिहिणं थांबव की कथा इथंच थांबव,
आठवडाभर डोकं खाजवलं.
विचारलं नाही. अजूनही नाही.

साहित्याचा तास सकाळी असे. तेव्हा मी झोपलेला.
लॉरेटा सांगायची, जी तुरुंगात रात्रपाळीचा पहारा करून
तशीच गणवेशात तिथं जाऊन बसे,
की व्हर्ना मोठ्यानं वाचते, मधेच अडते,
चष्मा पुसते नि म्हणते,
"ह्यानं हे कसं साधलं, मला समजलेलं नाही.
तुम्हाला समजलं तर मला सांगा."
पगार घेऊन "समजलं नाही" म्हणणारी बाई!
लॉरेटाला ती तेवढ्यासाठीच आवडायची.

निरोपाला डीननं आकडे वाचले :
विद्यार्थी बेचाळीसशे, पुस्तकं अकरा (त्यांची),
पारितोषिक एक (तिचं, जुनं).
केक चौकोनी होता, कोपरे कुणी घेतले नाहीत.
तिनं आभार मानले. बॉयलरचेही.

सामान हलवायला मी गेलो, गाडी माझी म्हणून.
चौदा खोकी. तेराव्यावर लिहिलेलं : दुसऱ्यांचं.
जिन्याच्या वळणावर ती म्हणाली,
"तुझं एक वाक्य मी घेतलंय. सत्त्याऐंशी सालचं.
बाप पत्र फोडायच्या आधी हात धुतो, ते.
सतरा वर्षं ते पान त्याच्यावाचून बसकण मारत होतं.
नको असेल तर सांग. काढून टाकते."

माझ्याच बापाचं होतं ते.
लोखंडाच्या खाणीतून यायचा, मनगटापर्यंत लाल.
पत्र फिनलंडचं की बँकेचं, हे न बघता आधी साबण.
मी म्हणालो, राहू दे.
खोकं जड होतं, म्हणून पुढचं बोललो नाही.
पुढचं म्हणजे काय, ते तरी कुठं ठाऊक होतं.

आता जानेवारीत पहाटे चारला
तिच्या गल्लीतून गाडी घालतो.
स्वयंपाकघरात दिवा असतो, कधी नसतो.
लोटलेला बर्फ ज्याच्या त्याच्या दारात साचतो,
त्याला इलाज नाही, सगळे शिव्या घालतात.
तिच्या दारापाशी मी पातं उचलतो.
नियमात बसत नाही ते.